चव्वेचाळीस नंबरची पट्टी

…पट्टी जरा जास्तच पांढरी होती. शेजारच्या नळ्यांवरच्या पट्ट्या फ्रीझरमध्ये राहून राहून पिवळसर पडलेल्या, कडेला काळवंडलेल्या — जखमेवर लावायची तीच चिकटपट्टी, कात्रीनं बोटभर कापायची, करंगळीएवढ्या नळीभोवती गुंडाळायची आणि वर काळ्या मार्करनं रुग्णाचा नंबर टाकायचा. छापील लेबलं गारठ्यात सुटतात, ही सुटत नाही, म्हणून एकोणीस वर्षं रुखमा असंच करत आली होती — आणि त्या पिवळ्या रांगेत एकतीस आणि चव्वेचाळीस या दोनच नळ्या नवे कपडे घालून शाळेत आलेल्या पोरींसारख्या उठून दिसत होत्या. चव्वेचाळीस तर फारच. तिनं ती उचलली, अंगठ्यानं वरचं बर्फ पुसलं. आपल्याच हातचे चारचे दोन आकडे, दुसऱ्याची शेपटी जरा लांब… चार महिन्यांत कुणाचं लक्ष गेलं नाही, आज तरी का जाईल? पण आज जाऊ शकतं. आज चार वाजता मिटिंग आहे.

नऊ नळ्या म्हणजे नऊ माणसं. या ना त्या दुखण्यानं हॉस्पिटलात दाखल झालेली, आणि इथं आल्यावर लघवीत, रक्तात, जखमेत असा जंतू सापडलेली की ज्याच्यावर बहुतेक औषधं चालतच नाहीत. क्लेबसिएला. जेलीच्या गुलाबी प्लेटवर चिकट, फुगीर वाढतो. लूपनं, म्हणजे टोकाला बारीक कडी असलेल्या काडीनं, उचलला की तार सुटते, पाक झाला का पाहताना सुटते तशी. प्रत्येकाचा जंतू ग्लिसरीनमध्ये घालून गोठवायचा, पुढं कधी लागला तर प्लेटवर लावून पुन्हा जिवंत करायचा, आणि ही सगळी साठवण सांभाळायचं काम रुखमा दुर्गेचं. दुर्गेबाईंचा स्टॉक मरत नाही, असं लॅबमध्ये म्हणत. गमतीत म्हणत, पण म्हणत. आणि त्या एका वाक्यापायीच तर… तिनं दोन्ही नळ्या एप्रनच्या खिशात टाकल्या. जिवंत जंतूची नळी खिशात घालणारी पोर तिच्या हाताखाली असती तर तिनं तिला उभी सोलली असती. दिवसभरात केव्हातरी पिवळ्या पिशवीत टाकायच्या, ती पिशवी संध्याकाळी वाफेच्या भट्टीत जाते, विषय संपला. फ्रीझरचं झाकण तिनं लावलं, लागलं का ते दोनदा पाहिलं. मे महिन्यात पाहिलं असतं तर!

काल याच सुमारास सरांच्या खोलीत सगळे जमले होते. सर म्हणजे विभागप्रमुख. भिंतीवर हैदराबादहून संशोधनाला आलेल्या दीपिकाचा लॅपटॉप मोठा करून लावलेला, त्यावर एक झाडासारखी आकृती, फांद्यांच्या टोकांना रुग्णांचे नंबर. दीपिकानं नऊही जंतूंचा जीनोम वाचला होता, म्हणजे त्यांची आतली सगळी अक्षरं, पन्नास-बावन्न लाख, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सहा जंतू आपापल्या फांदीवर वेगळे बसले होते. तीन मात्र एकाच टोकाला, एकमेकांना चिकटून. सतरा, एकतीस, चव्वेचाळीस. “एकाही अक्षराचा फरक नाही, सर,” दीपिका म्हणाली होती. सरांनी लगेच अर्थ लावला : तीन वॉर्डांतली तीन माणसं, जंतू एकच, म्हणजे कुणीतरी तो एकाकडून दुसऱ्याकडं नेला. ड्यूटीचे कागद मागवले. तिन्ही वॉर्डांत, तिन्ही वेळी असलेलं नाव एकच निघालं. गुलाब. कंत्राटावरचा वॉर्डबॉय, रुग्णांना ओल्या फडक्यानं पुसून देणारा, लघवीच्या पिशव्या बदलणारा. सर चष्मा काढून म्हणाले, “बघा. आता अंदाजपंचे काम संपलं.”

अंदाजपंचे. म्हणजे एकोणीस वर्षं मी इथं काय करत होते? प्लेटवर जंतू पसरवायचा, त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू किती अंतर सोडून वाढला ते मोजायचं. अंतर सोडलं तर औषध चालतं, टिकलीला चिकटून वाढला तर चालत नाही. पोराच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेऊन, डोळा प्लेटशी नेऊन मोजायचं. पोरगा इंजिनीअर झाला, पट्टी अजून तीच आहे. त्या मिलिमीटरांवर डॉक्टरांनी औषधं दिली, माणसं उठून घरी गेली. तो अंदाज होता?

आणि गंमत अशी — गंमत कसली! — की कालच्या त्या खोलीत खरं काय आहे ते एकट्या रुखमालाच माहीत होतं. एका जंतूनं तीन माणसं धरली, असं काहीही झालेलं नव्हतं. एकतीस आणि चव्वेचाळीस या नळ्यांत त्या रुग्णांचा जंतू नव्हताच. तो मेमध्ये मेला होता. शनिवार होता, भाचीच्या लग्नाला गोंडपिपरीला जायचं होतं, ऊर्जानगरची कंपनीची बस चुकू नये म्हणून ती घाईनं निघाली आणि फ्रीझरचं झाकण नीट बसलं की नाही ते पाहिलं नाही. सोमवारी येऊन पाहते तर खाली पाणी, नळ्या कोमट, बाहेर सत्तेचाळीस डिग्री. सगळ्या पुन्हा प्लेटवर लावून पाहिल्या. सात उठल्या. एकतीस आणि चव्वेचाळीस नाही उठल्या. तिनं तीन-तीनदा लावून पाहिल्या, प्लेटी तशाच गुलाबी, कोऱ्या.

आणि नेमका त्याच आठवड्यात दीपिकाचा फोन आला होता. “ताई, मी येऊन राह्यली. प्रोजेक्ट मंजूर झाला. त्या नऊ नळ्या लागतील. मी इथी हैदराबादले सगळ्याइले सांगितलं, आमच्या ताईंचा स्टॉक कधी मरत नाई.”

दोन मेल्या, एवढंच सांगायचं होतं. अगं दीपिका, दोन मेल्या, सातच आहेत. तोंडाशी आलं होतं ते. पण फोनवर त्या पोरीच्या मागं हैदराबादच्या मोठ्या लॅबचा आवाज, कुणीतरी इंग्रजीत हसत होतं… आणि रुखमा म्हणाली, “हाव, आहेत ना. ये.” मग सतरा नंबरच्या प्लेटवरून लूपभर उचललं, दोन नव्या नळ्यांत घातलं, नव्या पट्ट्या, जुने नंबर. क्लेबसिएला तर क्लेबसिएला! आजवरच्या तिच्या सगळ्या तपासण्या जंतूचं नाव सांगायच्या, जात सांगायच्या. एका माणसाचा आणि दुसऱ्या माणसाचा असा भेद तिच्या कामात कधी आलाच नव्हता. स्टेपलरएवढं एक यंत्र येऊन एकेक अक्षर वाचेल आणि हा तोच, हा तोच म्हणून बोट दाखवेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. निदान ती स्वतःला असं सांगत होती.

हेवा. दुसरा शब्द नाही. शोधून पाहिला होता तिनं — राग म्हणावा तर राग यावा असं त्या पोरीनं काही केलं नव्हतं, उलट कुरखेड्याहून येताना दर वेळी आईच्या हातचे मोहफुलाचे लाडू आणायची, पहिला डबा ताईंना. सात वर्षांपूर्वी दीपिका हलामी इथंच शिकायला आली होती, जंगलातल्या गावची, वर मान करून बोलायचीही नाही. लूप धरायला रुखमानं शिकवलं. लाल होईस्तोवर जाळायचा, मग दहा मोजायचे, मग टेकवायचा. ती दहा गोंडीत मोजायची, ओठांतल्या ओठांत; रुखमाला ते आवडायचं. तिला पुढं शिक म्हणून रुखमानंच सांगितलं, फॉर्मवर सही रुखमाची. मग? मग आता काय होतंय? मला माझ्या सासूनं, नवऱ्याच्या शिफ्टनं, पोटातल्या पोरानं नागपूरला जाऊ दिलं नाही; माझी ॲडमिशन झाली होती, ते पत्र मी अजून ठेवलंय; त्यात या पोरीचा काय दोष? काही नाही. दोष नाही म्हणूनच जास्त जळतं. दोष असता तर भांडून तरी मोकळी झाले असते.

गेल्या महिन्यात पेपरात फोटो आला — दीपिका आणि ते यंत्र — तर नागसेननं तो कापून फ्रिजवर चिकटवला. नागसेन, तिचा नवरा, प्लँटमध्ये ऑपरेटर, मनात काही न ठेवणारा माणूस. “तुहीच शिष्या हाय ना थे,” म्हणाला, “पेढे वाट लेका! काऊन तोंड पाडून बसली?” तेव्हापासून दूध काढायला फ्रिज उघडला की दीपिका. फोटो फाडावा असं नाही वाटलं. फाडून टाकला असता तर नवरा हसला असता.

दहाच्या सुमारास दारात गुलाब येऊन उभा राहिला.

“जयभीम, बाई. काम तं नाई ना करून राह्यल्या?”

“या ना गुलाबभाऊ. बसा.”

तो बसला नाही. पन्नाशीचा माणूस, दोन्ही हात पुढं धरलेले, जणू कुणाचे तरी उसने आणले आहेत. सालटं निघाली होती. रात्रभर साबणानं, ब्रशनं घासत होता म्हणे, बायकोनं शेवटी ब्रश लपवला.

“मले समजलं, मिटिंग हाय चार वाजता. कंत्राटदारानं फोन केला, उद्यापासून येऊ नको मनते. नोकरीचं जाऊ द्या हो, बाई. कुठी तरी लागून जाईन.” त्यानं हात उलटे करून पाहिले. “थे सिरोंच्याची बुढी होती नं मार्च महिन्यात, कंबरेचं हाड मोडलेली. तेलुगूच बोले. मले तम्मी, तम्मी मने, मंजे लहान भाऊ. मी तिले रोज पुसून देत होतो, येणी घालून देत होतो. अकराव्या दिवशी मेली. थे… माह्या हातानं मेली काय, बाई?”

चव्वेचाळीस नंबर. रुखमाच्या खिशात तो नंबर मांडीला गार लागत होता. नाही हो भाऊ — एवढं म्हणायला काय लागत होतं? तुमच्या हातानं कुणी मेलं नाही. त्या बुढीचा जंतू वेगळा होता, तिचा ती घेऊन गेली. पण एवढं म्हटलं की पुढचं वाक्य येणारच : तुम्हाला कसं माहीत, बाई?

“हात पाहून द्या ना माहे एकडाव,” गुलाब म्हणाला. “जंतू हाय का नाई तेवढं सांगा.”

तिनं एक नवी प्लेट काढली, झाकण उघडलं आणि त्याला पाचही बोटं हलकेच टेकवायला सांगितली. असं करतात, हातांची तपासणी अशीच होते. बोटं टेकवताना त्यानं डोळे मिटले. गुलाबी जेलीवर पाच पुसट खळगे राहिले. झाकण लावून तिनं वर त्याचं नाव लिहिलं, तारीख घातली.

“आता सांगता?”

“आज नाई, भाऊ. वाढाले वेळ लागते. उद्या समजन.”

“मिटिंग तं आजच हाय,” तो म्हणाला, पण तक्रार म्हणून नाही. प्लेटकडं बघत जरा वेळ उभा राहिला आणि गेला. तिनं प्लेट उबवणीच्या पेटीत ठेवली. आता तरी जा, असं तिनं स्वतःला सांगितलं. सरांच्या खोलीत जा, खिशातल्या नळ्या टेबलावर ठेव. ती जागची हलली नाही. बेसिनपाशी जाऊन तिनं स्वतःचे हात धुतले, पहिल्यांदा एकदा, मग परत एकदा.

कारण दुसरंही एक होतं ना मनात. ते सकाळपासून होतं, कालपासून होतं, तिनं त्याच्याकडं नीट बघितलं नव्हतं इतकंच. गप्प राहिलं तर काय होईल? दीपिका हे सगळं लिहून कुठंतरी मोठ्या ठिकाणी पाठवेल. तिथं कुणीतरी शहाणा बसलेला असेल, तो विचारेल, तीन माणसांत एकाही अक्षराचा फरक नाही, असं कसं? तीन महिन्यांत जंतू दोन-चार अक्षरं तरी बदलतो. आणि मग कुरखेड्याची ती हुशार पोर, पेपरातली, फ्रिजवरची, सगळ्यांसमोर तोंडावर पडेल. रुखमाला काही करावंच लागणार नाही. नुसतं गप्प बसायचं. डबा खाताना तिनं ते चित्र पाहिलं, पोळीचा तुकडा हातात तसाच धरून पाहिलं — दीपिका खाली मान घालून उभी, सात वर्षांपूर्वी उभी राहायची तशी — आणि तिला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? गोडच वाटलं. मग त्या चित्राच्या कडेला गुलाबची सालटी निघालेली बोटं दिसायला लागली, आणि तिनं तुकडा परत डब्यात ठेवला. गुलाब मध्ये का आला? त्याचं नाव त्या कागदांत नसतं तर किती सोपं होतं सगळं! तिला गुलाबचाच राग आला, आणि मग त्या रागाची लाज. तिनं डब्याचं झाकण लावलं.

तीन वाजता ती उठली आणि दीपिकाच्या खोलीकडं निघाली. सांगायला, की बघायला, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. वाटेत पिवळ्या पिशवीचा डबा लागतो. तिनं खिशात हात घातला, नळ्या चाचपल्या; बर्फ कधीच वितळलं होतं. डबा भरत आला होता. आत्ता नको, येताना.

दीपिका टेबलावर वाकून बसली होती. पुढ्यात रजिस्टर. हिरव्या कापडी बांधणीचं, जानेवारी ते मार्च. रुखमाचं रजिस्टर. ते यंत्र बाजूला, वायर काढून ठेवलेलं.

“ताई, मी तुमालेच शोधून राह्यली होती,” ती म्हणाली. डोळे सुजलेले होते. “मी चुकली, ताई.”

“काय झालं?”

“हे पाहा ना.” तिनं ओळीवर बोट ठेवलं. “एकतीस नंबर. जेंटामायसिनची टिकली, अंतर अठरा मिलिमीटर. चव्वेचाळीस, एकोणीस. तुमच्या हातचं आहे. म्हणजे या दोघांच्या जंतूवर हे औषध चालत होतं. सतराच्या टिकलीभोवती अंतरच नाई. बरोबर? आता माझं यंत्र म्हणते, तिघांतही जेंटामायसिनले न जुमानणारा जीन आहे. तिघांतही! असं कसं होईल?”

“रजिस्टरात चूक असेल,” रुखमा म्हणाली. हे वाक्य आपण बोललो यावर तिचा विश्वास बसला नाही. कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर तिनं त्याला मार्चच्या सगळ्या प्लेटी तोंडपाठ म्हणून दाखवल्या असत्या.

“तुमच्या?” दीपिका रडता रडता हसली. “अर्ध्या मिलिमीटरपायी मले तीन-तीनदा मोजाले लावत होत्या तुमी! नाई ताई. रात्रभर विचार केला मी. यंत्र चुकलं नाई, रजिस्टर चुकलं नाई. मग मधात कोण राह्यलं? मी. तुमच्या नळ्यांतून माझ्या नळ्यांत घेताना सतराचाच जंतू मी तीनदा घेतला. त्या दिवशी घाईही होती. माझीच अदलाबदल आहे.”

रुखमानं त्या ओळीवरचा आपला आकडा पुन्हा पाहिला.

“सरांना…”

“सांगून आली. गुलाबभाऊंचं नाव काढून टाकलं त्यांनी. बरं झालं ना, ताई? बिचाऱ्याचे हात पाह्यले तुमी?” ती नाक पुसायला थांबली. “मले म्हणाले, एवढ्या भरवशानं तुला आणलं. प्रोजेक्ट थांबवू म्हणाले सध्या. चार वाजता सगळ्याइसमोर सांगाचं आहे मले, चूक कशी झाली थे. सांगीन. काय होते!” मग एकदम, जवळ येऊन, “तुमच्या मूळ नळ्या फ्रीझरात आहेत एवढाच आधार आहे, ताई. उद्या त्यातून पुन्हा वाचू. पण आता तुमीच घ्या त्यातून. माझ्या हातावर माझाच भरवसा नाई राह्यला.”

आणि जायला वळलेल्या रुखमाला मागून म्हणाली, “ताई, तुमचा एप्रन ओला झाला.”

रुखमानं खाली पाहिलं. खिशाशी ओलसर गोल डाग. वर पाहिलं तर दीपिका रजिस्टर मिटत होती, सावकाश, खूण म्हणून ठेवलेला कागद नीट आत सारून. तिला कळलं होतं? पांढऱ्या पट्ट्या तिनं जुलैत नळ्या घेतानाच पाहिल्या असतील? पाहिलं असून ती गप्प… आणि हे सगळं, रात्रभराचा विचार, माझीच अदलाबदल, हे सगळं माझ्यासाठी… की खरंच तिला वाटतंय तसं? दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, ते रुखमाला ठरवता येईना. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “पाणी सांडलं,” आणि बाहेर आली.

जिंकले की मी. कॉरिडॉरमध्ये चालताना ती स्वतःला सांगत होती. जे पाहिजे होतं ते सगळं झालं. यंत्रापुढं रजिस्टर खरं ठरलं, स्टीलची पट्टी खरी ठरली, अंदाजपंचे म्हणणाऱ्या सरांना अठरा आणि एकोणीस मिलिमीटरांनी गप्प केलं, आणि दीपिका चार वाजता खाली मान घालून उभी राहणार आहे — हुबेहूब डब्याच्या वेळी पाहिली तशी. गुलाबही वाचला. आता फक्त दोन नळ्या पिशवीत टाकायच्या आणि उद्या म्हणायचं, फुटल्या गं. कोण विचारणार आहे? दुर्गेबाईंना कोण विचारणार आहे?

मग हे जळतंय काय?

बाकावर गुलाब बसला होता. तिला पाहून उठला. चेहरा धुतल्यासारखा मोकळा झाला होता.

“बाई, सुटलो. त्या पोरीनं सोडवलं मले. स्वतः येऊन सांगून गेली, भाऊ तुमची नाई, माही चूक हाय मने. हात धरले माहे, सांगतो तुमाले, असे हात धरले. लय मोठ्या मनाची पोरगी हाय!”

“हाव,” रुखमा म्हणाली.

“तुमीच शिकवलं ना तिले?”

“हाव.”

पुढं पाच पावलांवर पिवळा डबा होता. ती त्याच्यापाशी थांबली, नळ्या मुठीत घेतल्या. आता त्या गार नव्हत्या, तिच्याच अंगाएवढ्या ऊन झाल्या होत्या. मोठ्या मनाची. म्हणजे आता हेही तिचंच. हुशारी तिची, यंत्र तिचं, फोटो तिचा, लाडूही तिच्याच आईचे. आणि गुलाबचे ते हात, जे सकाळी माझ्यापुढं धरले होते, ज्यांच्यासाठी एक वाक्य बोलणं माझ्यानं झालं नाही, तेही तिनंच धरले. आणि आता चार वाजता ती माझ्या फ्रीझरचं उघडं झाकण, माझा मे महिना, माझ्या हातचे ते चारचे दोन आकडे स्वतःच्या नावावर करून घेणार, आणि लोक तिला म्हणणार, काय पोरगी आहे! माझी चूकही मला ठेवणार नाही ही? निदान ती तरी मी माझ्या हातानं केली होती. त्या चुकीपायी मी चार महिने झोपले नाही नीट. ती हिला फुकट का द्यायची?

हे चांगुलपणाचं नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. गुलाबसाठी ती हलली नव्हती, खरं बोलावं म्हणून हलली नव्हती, आणि त्या पोरीची दया येऊन तर नाहीच नाही. फ्रीझर, स्टॉक, एकोणीस वर्षांचं नाव, सगळं एका वाक्यात जाणार होतं. घड्याळात चारला दहा कमी होते. पिवळा डबा मागं राहिला होता, मिटिंगच्या खोलीचं दार अजून पंधरा-वीस पावलांवर होतं, आणि रुखमा एकच वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा लावून पाहत होती — ती चूक दीपिकाची नाही, माझी आहे — आणि दर वेळी ‘माझी’ म्हणताना तिला नको तितकं बरं वाटत होतं.